दोन सह्या आणि एक फोन: घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात घोडबंदर रोडवरची तीन विंगांची एक सोसायटी. १५६ फ्लॅट, त्यांतले ४३ भाड्याने दिलेले. या पट्ट्यात राहणाऱ्यांना पाण्याची गोष्ट वेगळी सांगायला नको. टँकरचा खर्च इथे सोसायटीच्या हिशेबात कायम ठाण मांडून असतो आणि टँकरवाला उधारीवर फार दिवस थांबत नाही. त्यामुळे सोसायटीच्या खात्यातून दर आठवड्याला पैसे जातात.

मी तेव्हा व्यवस्थापकीय समितीवर होतो. सेक्रेटरींच्या संमतीने हे लिहितो आहे. कोणाचं नाव किंवा बँक इथे दिलेली नाही. सेक्रेटरी ६४ वर्षांचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणतात. पगार नाही, मानधन नाही, आणि रात्री अकरा वाजता लिफ्ट बंद पडली तरी फोन त्यांनाच.

२०२० पर्यंत सोसायटीचे सगळे व्यवहार चेकने व्हायचे. चेकवर दोन सह्या लागायच्या, अध्यक्षांची आणि सेक्रेटरींची. लॉकडाऊनमध्ये अध्यक्ष कोकणात गावी अडकले, चेक पडून राहिले, टँकरवाल्याने पाणी बंद करण्याचा इशारा दिला. तेव्हा आम्ही नेटबँकिंग घेतलं. बँकेने ते रीतसरच दिलं होतं: एकाने व्यवहार टाकायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा. म्हणजे दोन सह्यांचीच जुनी पद्धत नव्या रूपात. पण अध्यक्षांच्या गावी रेंज नसायची, ओटीपी वेळेत पोचायचा नाही. शेवटी अध्यक्षांनी आपला पासवर्ड काकांना सांगितला आणि दोन्ही लॉगिनना काकांचाच मोबाइल नंबर जोडला गेला. दोन कुलपं तशीच राहिली, किल्ल्या मात्र एकाच जुडग्यात आल्या.

ही सोय महिनाभरासाठी होती. ती पाच वर्षं चालली. सभेच्या इतिवृत्तात तिची नोंदही नाही.

त्याच फोनवर आणखी काय काय होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सोसायटीचा ईमेल, गुगल ड्राइव्हवरची सगळी कागदपत्रं, सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद आणि काकांचं स्वतःचं पेन्शनचं खातं. दोन्ही लॉगिन आणि पासवर्ड विसरायला नकोत म्हणून काकांनी ते फोनच्या संपर्क यादीत ‘सोसायटी बँक १’ आणि ‘सोसायटी बँक २’ या नावांनी ठेवले होते.

काय घडलं

२०२५ च्या पावसाळ्यातला शुक्रवार. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास काकांना अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲप आला. वर आरटीओचं बोधचिन्ह, खाली ‘आपल्या वाहनाचं ई-चलान’ आणि एक फाइल. दोनच दिवसांपूर्वी कापूरबावडीच्या सिग्नलला आपली गाडी थोडी पुढे गेली होती, हे काकांच्या मनात होतंच. त्यांनी फाइल उघडली. ती कागदाची फाइल नव्हती, एपीके होती, म्हणजे फोनमध्ये बसणारं ॲप. अज्ञात स्रोतावरून ॲप बसवत आहात, अशी सूचना फोनने दिली. काकांनी परवानगी दिली. मग ॲपने एसएमस वाचण्याची आणि संपर्क यादी पाहण्याची परवानगी मागितली. तीही दिली. पडद्यावर काहीच उघडलं नाही, थोड्या वेळाने ॲपचं चिन्हही दिसेनासं झालं. उद्या नातवाला विचारू, असं म्हणून काकांनी फोन ठेवला.

चलान असं येत नाही. खऱ्या चलानाचा एसएमस येतो आणि गाडीचा नंबर टाकून ते सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. त्यासाठी कोणी फाइल पाठवून ॲप बसवायला लावत नाही. हे आता सोसायटीत सगळ्यांना पाठ आहे, पण त्या शुक्रवारी आमच्यापैकी कितीजणांना माहीत होतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

रात्री २.०५ वाजता सोसायटीच्या खात्यात एक नवा लाभार्थी, म्हणजे पैसे पाठवायचा नवा खातेदार, जोडला गेला. २.२० ला पहिल्या लॉगिनमधून ५०,००० रुपयांचा व्यवहार टाकला गेला, २.२४ ला दुसऱ्या लॉगिनमधून तो मंजूर झाला. ओटीपी काकांच्या फोनवर येत होते आणि तिथून त्याच क्षणी भामट्याकडे जात होते. फोन सायलेंटवर, काका झोपेत. खात्यात तेव्हा ११ लाखांवर रक्कम होती. आमच्या बँकेत नव्या लाभार्थ्याला पहिल्या २४ तासांत ५०,००० च्या वर पाठवता येत नाही, म्हणून तेवढेच गेले. हा नियम आम्हाला नेहमी जाचक वाटायचा.

सकाळी ६.४० ला काकांचं व्हॉट्सॲप बंद पडलं. त्यांना वाटलं, नेट गेलं असेल. ग्रुपवर तेव्हा नेहमीचं चाललं होतं: टँकर आला का, पाणी किती वाजता सोडणार. ते सगळं आता भामट्याच्या फोनवर येत होतं. ७.१० ला काकांच्या नावाने ग्रुपवर मेसेज पडला. टँकरवाल्याचे पैसे लगेच द्यायचे आहेत, सोसायटीचं खातं ऑडिटमुळे बंद आहे, या महिन्याचा मेंटेनन्स खालच्या क्यूआरवर भरा.

बी विंगमधल्या एका आजींना तो मेसेज खटकला. काका प्रत्येक मेसेज ‘सस्नेह नमस्कार’ने सुरू करतात आणि देवनागरीतच लिहितात. हा इंग्रजी अक्षरांतल्या हिंदीत होता. ७.४५ ला आजींनी काकांच्या घरी इंटरकॉम केला, “अहो, तुम्ही पैसे मागितलेत का? नमस्कार-बिमस्कार काही नाही त्यात.”

तोपर्यंत सातजणांनी प्रत्येकी ५,५०० रुपये भरले होते.

कोणते पर्याय होते

८.०५ ला आम्ही पाचजण सोसायटीच्या ऑफिसात जमलो. त्या अर्ध्या तासात जे बोलणं झालं, तोच या प्रकरणाचा गाभा आहे.

काकांना सगळ्यात आधी व्हॉट्सॲप परत मिळवायचं होतं. आपल्या नावाने भलताच माणूस बोलतो आहे, हे त्यांना सहन होत नव्हतं. दुसऱ्या एका सभासदाचं म्हणणं, फोन ताबडतोब फॉरमॅट करा. तिसरा म्हणाला, बँकेत जाऊ. तो महिन्यातला चौथा शनिवार होता, बँक बंद.

अध्यक्ष गावाहून फोनवर होते. त्यांचं म्हणणं, “आधी खात्री करा, मग लोकांना सांगा. दोन फ्लॅटचे सौदे चालू आहेत, उगाच सोसायटीचं नाव खराब नको.” त्यावर खजिनदार मॅडम म्हणाल्या, “खात्री होईपर्यंत आणखी पाचजण पैसे भरतील.” अध्यक्षांचा मुद्दा मला तेव्हा अगदीच चुकीचा वाटला नव्हता, हे कबूल करायला हवं. खोटी घबराट पसरली तर पुढच्या वेळी लोक लक्ष देत नाहीत. पण इथे चूक कोणत्या बाजूने झालेली परवडेल, हे पाहायचं होतं. लोकांना विनाकारण सावध केलं तर सोसायटीची थोडी शोभा होईल. न सांगता बसलो तर लोकांचे पैसे जातील. आम्ही सांगायचं ठरवलं.

आणि याच वेळी आमची पंचवीस मिनिटं वाया गेली. काकांनी चलानाच्या फाइलबद्दल सांगितलंच नव्हतं. कोणीतरी सिमकार्ड डुप्लिकेट काढलं असावं, असं समजून आम्ही मोबाइल कंपनीला फोन लावत बसलो. साडेआठला काका हळूच म्हणाले, “काल मी एक फाइल उघडली होती.” आपल्याला हसतील, या भीतीने त्यांनी ते गिळून ठेवलं होतं. तोवर तो फोन चालूच होता आणि त्यावर येणारा प्रत्येक ओटीपी बाहेर जात होता.

काय केलं

काकांनी सांगितल्याबरोबर फोन फ्लाइट मोडवर टाकला आणि सिम काढून काकूंच्या साध्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. त्या दिवशी घेतलेल्या निर्णयांत हा सगळ्यात मोलाचा होता, असं मला वाटतं. साध्या फोनमध्ये ते ॲप नव्हतं, त्यामुळे ओटीपी पुन्हा फक्त आमच्या हातात आले. फोन फॉरमॅट केला नाही. ती फाइल, पाठवणाऱ्याचा नंबर आणि बँकेचे न वाचलेले एसएमस हाच पुरावा होता. दुसऱ्या मोबाइलने त्या सगळ्याचे फोटो काढले. रात्रीचे बँकेचे एसएमस आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिले. म्हणजे प्रकरण फक्त ग्रुपपुरतं नव्हतं, सोसायटीचं खातंही फुटलं होतं.

मग कामं वाटून घेतली. खजिनदार मॅडमनी बँकेच्या २४ तास चालणाऱ्या क्रमांकावर फोन करून दोन्ही लॉगिन बंद करवले. मी १९३० लावत होतो. हा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या व्यवस्थेतला राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन क्रमांक. तीन-चारदा रांगेत राहावं लागलं, ८.५२ ला लागला. त्यांनी व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याचे तपशील विचारले. हे समोर लिहून ठेवलं होतं म्हणून सहा मिनिटांत तक्रार नोंदली गेली. इथे तक्रार पडली की ती आपल्या बँकेकडे आणि पैसे गेलेल्या बँकेकडे जाते. रक्कम तिथे शिल्लक असेल तर रोखली जाते. पुढे सरकली असेल तर तक्रारही तिच्या मागोमाग पुढच्या बँकेकडे जाते. भामटेही हे जाणतात, म्हणून पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पटापट फिरवतात. एका तासाचा फरक किती मोठा असतो, ते यावरून कळतं.

लोकांना सांगणं मात्र अवघड गेलं. आमचं रोजचं साधन म्हणजे ग्रुप, आणि तोच भामट्याच्या हातात. काकांशिवाय एकच ॲडमिन होते, जुने सेक्रेटरी. ते फ्लॅट विकून पुण्याला गेलेले. सकाळी फिरायला गेल्यामुळे त्यांनी फोन ८.५० ला उचलला, लगेच काकांचा नंबर ग्रुपमधून काढला आणि ग्रुप फक्त ॲडमिनपुरता केला. तोपर्यंत आणखी दोघांनी पैसे भरले होते. दरम्यान वॉचमननी इंटरकॉमवरून एकेका घरी निरोप दिला, आणि खजिनदार मॅडमच्या मुलीने तिन्ही विंगांच्या लिफ्टमध्ये हाताने लिहिलेले कागद चिकटवले. बऱ्याच ज्येष्ठांना पहिली बातमी त्या कागदांवरूनच कळली.

व्हॉट्सॲप परत मिळवताना एक अडचण आली. एसएमसवर आलेला कोड नव्या फोनमध्ये टाकला, तशी भामट्याच्या फोनवरची काकांची नोंद बंद झाली. पण त्याने आधीच व्हॉट्सॲपच्या दुहेरी पडताळणीचा स्वतःचा पिन लावून ठेवला होता. अशा वेळी सात दिवस थांबावं लागतं. हा पिन काकांनी आधी लावलेला असता, तर नुसत्या ओटीपीवर व्हॉट्सॲप पळवताच आलं नसतं.

दुपारी पैसे गेलेल्या सभासदांना आम्ही क्लब हाउसमध्ये लॅपटॉपसमोर बसवलं, कारण प्रत्येकाने आपापली तक्रार द्यायची होती. नऊपैकी दोघांनी दिली नाही. एकजण म्हणाला, “साडेपाच हजारांसाठी कोण पोलिसांत जाणार?” त्याला पटवण्यात आम्ही कमी पडलो. एका सभासदाने सांगितलेलं मात्र लक्षात राहिलं. पैसे पाठवण्याआधी यूपीआयच्या पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. तिथे सोसायटीचं नाव नव्हतं, कोणा व्यक्तीचं होतं. “मला वाटलं, टँकरवाल्याचं असेल.”

पोलीस ठाण्यात आम्ही फोन, फोटो आणि वेळांचा कागद घेऊन गेलो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ६६सी दुसऱ्याची डिजिटल ओळख वापरण्याबद्दल आहे आणि ६६डी संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल. आमच्या प्रकरणात दोन्ही घडलं होतं.

निष्पत्ती

एकूण ९९,५०० रुपये गेले: सोसायटीचे ५०,००० आणि नऊ सभासदांचे ४९,५००. सोसायटीच्या रकमेतले ३१,००० आणि तीन सभासदांचे मिळून १६,५०० रोखले गेले. न्यायालयाच्या आदेशानंतर ते काही महिन्यांनी परत मिळाले. उरलेले ५२,००० गेले ते गेलेच.

बँकेकडे भरपाई मागितली. तेव्हा लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला आणि चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झालं असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. दोन्ही लॉगिन एकाच नंबरवर, पासवर्ड संपर्क यादीत. आम्ही कोणत्या तोंडाने भांडणार होतो?

विशेष सर्वसाधारण सभा तीन तास चालली. ज्यांनी पैसे भरले त्यांचा मेंटेनन्स भरला असं धरायचं का, यावर खडाजंगी झाली. त्यांचं म्हणणं रास्त होतं: मेसेज सेक्रेटरींच्या नंबरवरून आला होता. पण खात्यात न आलेल्या पैशांची पावती फाडता येणार नाही, असं ऑडिटरनी स्पष्ट सांगितलं. शेवटी त्यांना व्याज न लावता तीन महिन्यांत भरण्याची सवलत दिली. दोन घरं अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत.

त्याच सभेत एकजण म्हणाले, “२०१८ मध्ये कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले. बँकांचं असं होतं, तिथे आपली काय कथा?” हे अनेकांना पटलं, मला नाही पटलं. कॉसमॉसच्या प्रकरणात बँकेच्या यंत्रणेत मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घालून अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. ते फार तयारीचं काम होतं. आमच्याकडे तेवढ्या तयारीची कोणाला गरजच पडली नाही.

काकांनी राजीनामा दिला. समितीने तो स्वीकारला नाही, आणि त्यामागे नुसती सहानुभूती नव्हती. एकाच फोनवर सगळं ठेवण्याची व्यवस्था आम्ही सगळ्यांनी मिळून चालवली होती. शिवाय चूक सांगणाऱ्याला पदावरून काढलं, तर पुढचा माणूस पंचवीस मिनिटं कशाला, पंचवीस दिवस गप्प बसेल. काका पंधरा दिवस खाली फिरायला आले नाहीत. मला त्या ५२,००० पेक्षा याचं जास्त वाईट वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

एक संधी आम्ही उघड्या डोळ्यांनी घालवली. त्याच वर्षी मार्चमध्ये केवायसीसाठी बँकेत गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं होतं, “दोघांचा नंबर एकच कसा?” आम्ही म्हणालो, नंतर बदलू. एक अर्ज भरायचा होता.

आता व्यवहार खजिनदार मॅडम टाकतात आणि अध्यक्ष आपल्या नंबरवरून मंजूर करतात. त्यांच्या गावी आता टॉवर आला आहे. नवा लाभार्थी जोडताना खातेदाराचं नाव तपासतात. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. त्याआधी पैसे केवळ खाते क्रमांकावर जायचे, नाव कोणी पडताळत नव्हतं. बँकेच्या ओटीपीसाठी सोसायटीने वेगळं सिम घेतलं, ते साध्या फोनमध्ये आहे. ग्रुपला तीन ॲडमिन आहेत, तिघंही इथेच राहणारे. पैशांची कोणतीही मागणी ग्रुपवर करायची नाही, ती लिफ्टमधल्या फलकावर समितीच्या सहीनेच लागते, असा ठराव झाला. वेळ थोडा जास्त जातो, आणि तक्रारीही येतात.

समितीत सुरक्षेचा विषय निघाला की आमची चर्चा सीसीटीव्ही आणि वॉचमन यांच्यापलीकडे जात नसे. फार तर कोणी अँटिव्हायरसचं नाव काढायचं. सायबर सुरक्षेत तीन गोष्टी सांभाळायच्या असतात: माहिती भलत्याच्या हाती न जाणं, तिच्यात कोणी परस्पर फेरफार न करणं आणि हवी तेव्हा ती आपल्याला मिळणं. त्या सकाळी पासवर्ड बाहेर गेले, काकांच्या नावाने खोटा मेसेज आला आणि ऐन गरजेच्या वेळी ग्रुप आमच्या हातात नव्हता. तिन्ही एकदमच मोडलं.

भाडेकरूंचं फोल्डर

काकांच्या ईमेलचा पासवर्ड बदलताना त्या रविवारी आणखी एक गोष्ट सापडली. तिचा त्या भामट्याशी संबंध नव्हता, पण मला ती पैशांपेक्षा गंभीर वाटते. ड्राइव्हवर ‘टेनंट’ नावाचं फोल्डर होतं. ४३ भाडेकरूंची आधार कार्डं, फोटो, भाडेकरार, पोलीस पडताळणीचे फॉर्म. तीन वर्षांपूर्वी सिक्युरिटी एजन्सीला लिंक पाठवताना ते ‘लिंक असलेल्या कोणालाही’ असं उघडं ठेवलं गेलं होतं. ती एजन्सी बदलली, लिंक तशीच राहिली.

समितीतल्या दोघांचं मत होतं, गुपचूप बंद करू, काही झालेलं तर नाही. पण ती कागदपत्रं आमची नव्हती, आम्ही ती मागून घेतली होती. भाडेकरूंना सभेत मत नसतं, ग्रुपवरही ते नसतात. त्यामुळे त्यांच्या वतीने बोलणारं तिथे कोणीच नव्हतं. शेवटी तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं आणि ४३ घरांना पत्र गेलं. लिंक बंद केली, आधारच्या प्रती काढून टाकल्या. आता फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार घेतो.

सी विंगमध्ये एक मुलगी मैत्रिणींसोबत भाड्याने राहते. पत्र घेऊन ती ऑफिसात आली आणि तिने एकच प्रश्न विचारला: या तीन वर्षांत माझी कागदपत्रं कोणी कोणी उघडली? वैयक्तिक गुगल खात्यात लिंकवरून फाइल कोणी पाहिली, त्याची नोंद आपल्याला मिळत नाही. आम्ही तिला तसं सांगितलं. ते तिने लेखी मागितलं. काकांनी समोर बसून लिहून दिलं, त्यावर दोन सह्या झाल्या, आणि ते पत्र ती घेऊन गेली.